दामिनीच्या लिंका

सौंसरात कळंब्यांच्या घरी जाऊन दामिनी कुठे आहे असं विचारलंत, तर तुम्हाला बसायला खुर्ची मिळेल, प्यायला पाणी मिळेल, दामिनी मिळणार नाही. त्या घराची सून केतकी. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने, शुभमने, अंगठीने ते नाव गिरवलं, कारण त्याच्या आईचं, इंदूबाईंचं, म्हणणं पडलं, “दामिनी म्हंजे वीज. घरात वीज कायले आणता?” मग आधार कार्ड बदललं, राशन कार्ड बदललं, बँकेतलं नाव बदललं. माहेरच्या माणसांनीही हळूहळू जिभेला वळण लावून घेतलं. तिच्या कानाला मात्र ते वळण कधी लागलं नाही. ‘केतकी’ अशी हाक आली की ती क्षणभर गप्प राही, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत असं वाटून, आणि मग ‘आली’ म्हणे. इंदूबाई शेजारणींना सांगत, “सून चांगली आहे, कमी आयकू येते जराशी.”

दामिनी उरली होती ती एकाच जागी, आणि ती जागा इतकी लांब होती की नाव बदलायला तिथवर कुणी पोचलं नव्हतं. जगभरातल्या लहान दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर आहे. पेशंटच्या नोंदी, औषधांचा साठा, पोरांच्या लसी, सगळं त्यात ठेवता येतं. देशोदेशीची माणसं स्वतःचा वेळ घालून ते बनवतात आणि हवं त्याला देऊन टाकतात. कुणीही ते उघडून बघावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. तिथली जुनी माणसं ती वाचतात आणि पटली तर मान्य करतात. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. आता हे सॉफ्टवेअर वापरायचं कसं ते सांगणारी ढीगभर पानं इंटरनेटवर आहेत, आणि त्या पानांत जागोजागी लिंका आहेत: अमुक अडलं तर इथे दाबा, तमुक बिघडलं तर तिथे वाचा. पण इंटरनेटवरची पानं काही एका जागी बसून राहत नाहीत. कुणी साईट हलवतं, कुणी बंद करतं, कुणी मरून जातं. मग लिंक दाबली की समोर येतं, ‘पान सापडलं नाही’. प्रोग्राम लिहिणाऱ्या हुशार मंडळींना या कामाचा मनस्वी कंटाळा. नवीन काही बांधलं तर चारचौघांत मिरवता येतं, तुटलेलं जोडणाऱ्याला कोण विचारतो? ते काम दामिनीने उचललं होतं.

लग्नाआधी ती नागपूरला एका कंपनीत होती आणि हेच सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती. लग्न ठरलं, नोकरी सुटली. शुभमचं सौंसरात बियाणं-खतांचं कृषी केंद्र. तिथे बसायला नोकर होता आणि घरी बसायला सून हवी होती. लॅपटॉप तेवढा तिने सोबत आणला, साड्यांच्या खाली ठेवून. दुपारी इंदूबाई कूलरपुढे आडव्या झाल्या की ती तो काढून ओट्याजवळच्या टेबलावर मांडी आणि एकेक लिंक दाबून बघे. मेलेली सापडली की तिचं पान कुठे गेलं त्याचा माग काढायचा. सापडलं की ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचं, कारण नाव तेच ठेवून आतला मजकूर बदललेली पानंही असतात. कुठेच नाही सापडलं तर जुन्या पानांच्या साठ्यातून उकरून काढायचं. तिचा एकच नेम होता: जे स्वतः वाचलं नाही ते लावायचं नाही. एका लिंकपायी कधी आख्खी दुपार जाई आणि वर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून भात लागे. इंदूबाईंना वाटे, सून काहीतरी टकटक करून राहते.

तिकडची पानं सांभाळणारी मार्टा नावाची एक बाई होती, पोर्तुगालची. दोघींनी एकमेकींचा आवाजही कधी ऐकला नव्हता. पण मार्टा दर वेळी लिहायची, “धन्यवाद, दामिनी.” हे दोन शब्द वाचायला दामिनी किती आसुसलेली असे ते सांगितलं तर कुणाला हसू येईल. येऊ दे. स्वतःच्या नावाने हाक ज्यांना रोज फुकट मिळते त्यांना त्याची किंमत कळायची नाही.

या वर्षी चैत्रात मार्टाचं पत्र आलं. आम्ही तुला चमूत घ्यायचं ठरवलं आहे, तिने लिहिलं होतं. सध्या काही आठवडे दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तू तपास आणि तूच मान्य कर. सगळं नीट पार पडलं की चमूच्या पानावर तुझं नाव कायमचं लागेल. दामिनीने ते पत्र इतक्यांदा वाचलं की तिला ते पाठ झालं. रात्री जेवताना शुभमला सांगितलं. त्याने पोळीचा घास मोडत विचारलं, “त्यानं काय होते?” वाईट मनाने नव्हे. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

आता यात पंकजभाऊजी कुठून आले? जवाई कुठून येतात? ते येतातच. पंकज म्हणजे शुभमच्या बहिणीचा नवरा, पांढुर्ण्याला कॉम्प्युटर क्लास चालवणारा. पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं तशी त्याच्या पाटीवर ‘जिल्ह्यातील एकमेव’ अशी ओळ चढली. कशात एकमेव ते पाटीवर नव्हतं. माणूस गोड बोलणारा, हसतमुख, आणि दुसऱ्याच्या ताटातली भाजी आपल्याच शेतातली असल्यासारखा वाढून घेणारा. अक्षय तृतीयेला सासुरवाडीला आला, तेव्हा शुभमने सहज विषय काढला आणि पंकजने लॅपटॉप मागून घेतला. दामिनीचं पान बघून त्याचे डोळे चमकले.

“वहिनी, हे तं इंटरनॅशनल आहे! अन् तुम्ही सांगितलं नाही? आमच्या पोरांना शिकवा न एक दिवस. बायोडाटात टाकता येईल त्यांना. क्लासचंही नाव होईल.”

दामिनी म्हणाली, बघते. इंदूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बघते काय? जवाई म्हणून राहिले न.”

त्या घरात जवायाला ‘नाही’ हा शब्द नव्हता. दुसऱ्या कुणाला होता, भाजीवाल्याला होता, सुनेला तर भरपूर होता. पण खरं सांगायचं तर नुसत्या त्या धाकाने दामिनी गेली नाही. तिला जायचं होतं. इतकी वर्षं जे काम ओट्याशेजारी लपूनछपून केलं ते कुणीतरी समोर बसून ऐकणार, याचा मोह तिला झाला.

ती रविवारच्या बसने पांढुर्ण्याला गेली. पोरंपोरी दाटीवाटीने बसली होती. पंकजने ‘आपल्या केतकी मॅडम’ म्हणून ओळख करून दिली आणि दामिनी नेहमीप्रमाणे क्षणभर उशिरा उठली. मग मात्र तिने जीव तोडून शिकवलं. लिंक का मरते, तिचा माग कसा काढायचा, नवं पान जुन्याच गोष्टीचं आहे हे कसं ओळखायचं. “वाचल्याशिवाय लावायचं नाही,” तिने फळ्यावर लिहून दिलं. पहिल्या बाकावर अमिता नावाची तिगावची एक मुलगी होती. ती हात वर करकरून विचारत होती: पान आहे पण दुसऱ्या भाषेत आहे, तर काय करायचं? पान खरं आहे की खोटं ते कसं पाहायचं? त्या मुलीने विचारलेले प्रश्न दामिनी परतीच्या बसमध्ये पुन्हा पुन्हा आठवत राहिली. फार दिवसांनी तिला इतकं बरं वाटलं होतं. घरी आल्या आल्या तिने मार्टाला लिहिलं, माझ्या गावाकडचे काही विद्यार्थी दुरुस्त्या पाठवतील, त्यांना मी शिकवलं आहे, त्यांची जबाबदारी माझी.

ती बसमध्ये बसली त्याच वेळी क्लासात पंकज पोरांपुढे उभा होता. तो काय म्हणाला ते तिला पुढे कळलं. तो म्हणाला, “मॅडमचं बरोबर आहे, पण एवढं शोधत बसलो तं बॅच संपून जाईन. जिथं लिंक बंद दिसन तिथं आपल्या क्लासची लिंक टाका. लिंक चालू झाल्याशी मतलब.” पोरांना काय, सर सांगतात ते करायचं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिना म्हणजे जवायांची चांदी. लेक-जवायाला लक्ष्मी-नारायण मानून घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, वर चांदीचा दिवा. कळंब्यांकडे त्या दिवशी सकाळपासून पुरण शिजत होतं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आत दामिनी कढईपुढे उभी होती. पंकज दिवाणावर कूलरच्या तोंडाशी लोळत मोबाईल बघत होता.

“वहिनी,” त्याने तिथूनच आवाज दिला, “पोरांच्या दुरुस्त्या अटकून राहिल्या न. पाठवून लय दिवस झाले. मान्य करून टाका.”

“भाऊजी, आज नाही होणार. उद्या निवांत वाचते अन् करते.”

“वाचायचं काय त्यात? तुम्हीच तं शिकवलं. पोरं रोज विचारून राहिले, सर काय झालं, सर काय झालं. माझी इज्जत जाऊन राहिली तिकडे.”

इंदूबाई पाटावरून उठल्या. “काहून वो, एक बटण दाबाले किती वेळ लागते? धोंड्याच्या दिवशी जवाई तोंडानं मागून राहिले अन् तू उद्या म्हणते?”

दामिनीने हात धुतले, पदराला पुसले आणि मोबाईल घेतला. पहिली दुरुस्ती अमिताची होती. ती तिने पूर्ण वाचली. मुलीने पान शोधून काढलं होतं, नीट लावलं होतं, वर दोन ओळींत कारणही लिहिलं होतं. दामिनीला भरून आलं. मागे कढईतलं तेल धुरावलं. इंदूबाई म्हणाल्या, “जळलं वो, जळलं!” ती धावली, आच कमी केली, धोंडे सोडले, आणि एका हातात झारा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने उरलेल्या सगळ्यांवर ‘मान्य’ दाबत गेली. एकही उघडली नाही. पहिली बरोबर होती, तर बाकीच्याही असतील. मुलांना आपणच शिकवलं ना?

“झालं न?” पंकज म्हणाला. “उगंच टेन्शन घेऊन राहिल्या होत्या.” मग त्याने पोटभर धोंडे खाल्ले आणि वाण घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मार्टाचं पत्र आलं. त्यात ‘प्रिय’ नव्हतं. आफ्रिकेतल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात संगणक बंद पडला होता. लहान मुलांच्या लसींच्या नोंदी परत कशा आणायच्या ते वाचायला तिथल्या परिचारिकेने मोबाईलवर लिंक दाबली. तिच्यासमोर पंकज उभा राहिला. काळा गॉगल, जोडलेले हात, आणि मोठ्या अक्षरांत: डीसीए, पीजीडीसीए, टॅली, प्रवेश सुरू, बसस्टँडजवळ, पांढुर्णा. तिने दुसरी लिंक दाबली. पुन्हा पंकज. तिसरी, पुन्हा पंकज. दाराशी बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या, त्या परत गेल्या.

खाली मार्टाने एकच प्रश्न विचारला होता. हे मान्य करण्यापूर्वी तू वाचलं होतंस का?

दामिनीने उत्तर लिहायला घेतलं. काय लिहिणार? ते घराचे जवाई आहेत, असं? अधिक महिना होता, असं? आमच्यात त्या दिवशी जवायाला नाही म्हणत नसतात, तेल तापलं होतं, सासूबाई मागे उभ्या होत्या? तिने हे सगळं इंग्रजीत लिहून पाहिलं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य वाचताना तिचीच तिला लाज वाटत होती. त्या रांगेतल्या बाईला जवाई म्हणजे काय ते कोण समजावणार? तिने सगळं खोडलं आणि लिहिलं, “नाही. मी वाचलं नव्हतं.” पुढे तिने एक विनंती केली, अमिताची दुरुस्ती चांगली आहे, ती तरी ठेवा.

उत्तर थंड होतं आणि न्यायाचं होतं, त्यामुळे ते जास्त लागलं. जिने न वाचता मान्य केलं तिच्या आधीच्या कामावरही आता आम्हाला भरवसा ठेवता येत नाही. पांढुर्ण्याहून आलेली सगळी खाती बंद करत आहोत, तुझंही. तुझ्या हातून गेलेलं सगळं, पुन्हा तपासलं जाईपर्यंत, मागे घेत आहोत.

मागे घेत आहोत म्हणजे काय, ते तिला दुपारी पानं उघडल्यावर दिसलं. तिने जोडलेल्या लिंका तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी त्या जुन्या, मेलेल्या लिंका परत आल्या होत्या. एकेक दाबत गेली आणि एकेक पान सांगत गेलं, सापडलं नाही, सापडलं नाही. तिच्या सगळ्या दुपारी कुणीतरी पुसून टाकल्या होत्या. तिला पंकजचा राग आला. सासूबाईंचा आला, शुभमचा आला. आणि फिरून फिरून तो राग तिच्यावरच येऊन थांबला, कारण बटण त्यांच्यापैकी कुणी दाबलं नव्हतं.

शुभमला तिने सांगितलं तेव्हा तो कृषी केंद्राच्या गल्ल्याची चावी शोधत होता. “जाऊ दे न,” तो म्हणाला. “त्यानं काय होते?”

पंकजला फोन केला तर तो हसला. “विदेशी लोक असेच असतात वहिनी, आपली प्रगती देखवत नाही त्यांना. पण काम तं झालं न? स्क्रीनशॉट आहेत आपल्याजवळ.” त्या स्क्रीनशॉटांचा त्याने पुरेपूर उपयोग केला. आठवडाभरात पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला: आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर तज्ज्ञ सौ. केतकी शुभम कळंबे यांचा भव्य सत्कार. फोटो तिच्या नणंदेच्या मुलाच्या बारशातला होता. दामिनी म्हणाली, मी जाणार नाही. इंदूबाई म्हणाल्या, जवायाचं नाक कापाचं हाय काय? मग ती गेली, पुन्हा त्याच बसने.

मंचावर मान्यवर होते, त्यांच्या गळ्यात हार होते. पंकज माईकवर सांगत होता की आमच्या वहिनींमुळे पांढुर्ण्याचं काम आफ्रिकेच्या दवाखान्यापर्यंत पोचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढं एक त्या दिवशी खरं बोललं गेलं. उकाड्यात तिच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. तिला ओरडून सांगायचं होतं, की अहो, तिकडची माणसं मला चोर समजतात आणि बरोबर समजतात. तिने नारळ मांडीवर ठेवला आणि हात जोडले. मग विद्यार्थी एकेक करून पाया पडायला आले. शेवटी अमिता आली, वाकली, आणि उठताना हळूच म्हणाली, “मॅडम, माझं अकाऊंट बंद करून टाकलं त्यांनी. मी तं वाचलं होतं.”

“मला माहीत आहे,” दामिनी म्हणाली. मागचा मुलगा पुढे सरकला आणि अमिता खाली उतरून गेली.

पुढे पुष्कळ दिवस लॅपटॉप साड्यांच्या खालीच होता. मग एका दुपारी, काय झालं कुणास ठाऊक, तिने तो काढला. जवायाचा क्लास दाखवणाऱ्या लिंका तिकडच्यांनी काढून टाकल्या होत्या. पण लसींच्या नोंदी परत कशा आणायच्या, ते पान अजून तुटलेलंच होतं. त्याचं खरं ठिकाण कुठे हलवलं गेलं ते तिला तोंडपाठ होतं. ती लिंक पूर्वी तिनेच एकदा जोडली होती; पोरांनी ती चालू आहे की बंद तेही न बघता बदलली होती. खाली एक चौकोन होता: तुटलेली लिंक दिसल्यास कळवा. तिने पत्ता लिहिला, कारण लिहिलं, आणि नावाच्या जागी दामिनी लिहिलं. चौकोन लाल झाला. या नावाच्या खात्याला इथे परवानगी नाही.

तिकडे कुठेतरी बायका रांगेत उभ्या असतील, हे काही डोक्यातून जाईना. मग तिने एकेक अक्षर मागे घेत दामिनी पुसलं आणि तिथे केतकी लिहिलं. चौकोन हिरवा झाला.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मार्टाचं उत्तर आलं. तिने दुरुस्ती वाचली होती, लिंक जोडली होती. लिहिलं होतं, “धन्यवाद, केतकी. तुमचं काम फार काळजीपूर्वक केलेलं आहे. आमच्यात स्वागत.”

आतून इंदूबाईंनी हाक मारली, “केतकी!”

“आली,” ती म्हणाली. या खेपेला तिला जराही उशीर झाला नाही.